चांदणीचे सात ब्लॉक आणि झोपाळ्याची गादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या डबलबेडसाठी केलेल्या गोधडीतून चांदणीच्या नक्षीचे सात ब्लॉक, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेले चौकोन, उरले आहेत. त्यांतले पाच १२.५ इंचांचे आहेत, एक १२.२५ इंचांचा आहे आणि एक जेमतेम १२ इंच भरतो. घरातल्या सागवानी झोपाळ्यावर ३ इंच जाडीचा फोम आहे आणि त्याला या ब्लॉकांची, काढून धुता येईल अशी खोळ शिवायची आहे. सातही ब्लॉक कामी यावेत अशी इच्छा आहे, आणि असे जोडकाम बसण्याच्या जागी टिकेल का, ही शंकाही आहे. शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गोधडीचा ब्लॉक अंगावर घ्यायच्या कापडासाठी केलेला असतो. पांघरुणावर ताण असा येत नाहीच. फार तर रात्री कोणी आपल्याकडे ओढून घेतले तर तेवढाच. बसण्याच्या जागेचे तसे नसते. माणूस बसताना थोडे मागे सरकतो, उठताना पुढे घसरतो, आणि प्रत्येक वेळी कापड आडवे ओढले जाते. झोपाळ्यावर तर पायाने झोका देताना मांडीची मागची बाजू पुढच्या कडेवर सतत घासत असते. मी पहिली अशी खोळ शिवली तेव्हा हे काही ध्यानात घेतले नव्हते. ब्लॉक एकमेकांना जोडले, मागे काहीही न लावता चेन बसवली आणि खुर्चीवर टाकली. दिसायला सुरेख झाली होती. पावसाळा संपेपर्यंत मधल्या दोन शिवणींना फटी पडल्या. जवळून पाहिले तर दोरा कुठेही तुटलेला नव्हता. टीप जागच्या जागी होती, पण कापडाचे धागे सुटून ते त्या टिपेतून निसटून आले होते. गोधडीच्या जोडाला पाव इंचच माया, म्हणजे टिपेबाहेरचे कापड, ठेवतात, आणि त्यातले दोन-चार धागे सुटले की धरायला काही उरत नाही.

म्हणून ब्लॉक जोडून लगेच खोळ शिवू नये. आधी त्यांचा एक पक्का, मागे अस्तर असलेला, सर्वभर टिपा मारलेला पट तयार करावा आणि मग तो पट म्हणजे बाजारातून आणलेले जाड कापड आहे असे समजून त्याची खोळ बेतावी. ताण त्या अस्तरावर आणि टिपांवर जातो, ब्लॉकच्या शिवणींना तो एकट्याने सोसावा लागत नाही.

आता मापे. फळी मोजू नका, फोम मोजा. झोपाळ्याच्या फळीच्या चारही कोपऱ्यांतून कड्या खाली उतरलेल्या असतात आणि गादी बहुधा त्या कड्यांच्या आत बसवावी लागते. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे फळी ६० × २४ इंच आणि फोम ५२ × २२ इंच आहे, म्हणजे ही काळजी आधीच घेतलेली दिसते. खोळ मात्र फोमच्या मापाची शिवू नये. ती लांबीत आणि रुंदीत अर्धा-अर्धा इंच कमी, म्हणजे शिवून ५१.५ × २१.५ इंच भरेल अशी ठेवावी. फोम दबतो आणि खोळीला आतून भरून काढतो. तंतोतंत मापाची खोळ पहिल्या दिवशी छान दिसते आणि महिन्याभरात तिला मधोमध झोळ पडतो.

ब्लॉक शिवल्यावर १२ इंचांचा उरतो. चार ब्लॉक एका ओळीत घेतले की ४८ इंच लांबी होते आणि दोन्ही टोकांना पावणेदोन-पावणेदोन इंचांच्या साध्या पट्ट्या दिसतील एवढी जागा उरते. रुंदीत १२ इंचांचा ब्लॉक मधोमध बसवला की मागे-पुढे प्रत्येकी ४.७५ इंचांचे साधे कापड येते. ही रचना मी निव्वळ हिशेब जुळतो म्हणून सुचवत नाही. सर्वांत जास्त झीज पुढच्या चार-पाच इंचांत होते आणि तिथे अखंड, जाड, एकाच विणीचे कापड असणे केव्हाही चांगले. ब्लॉक मधल्या पट्ट्यात येतात, तिथे भार असतो पण घासणे कमी असते.

दुसरे कारण चांदणीच्या टोकांचे आहे. तुमच्या चांदण्यांची टोके ब्लॉकच्या कडेपासून बरोबर पाव इंचावर आलेली असणार, कारण गोधडीची शिवण पाव इंचाची असते. गादीची खोळ पाव इंचाच्या शिवणीवर कधीही शिवू नये, तिला अर्धा इंच हवा. ब्लॉक थेट खोळीच्या कडेला आला तर त्या अर्ध्या इंचात प्रत्येक चांदणीचे टोक पाव-पाव इंच बुडून जाईल आणि एवढ्या मेहनतीने जुळवलेली टोके बोथट दिसतील. चारही बाजूंनी साधी पट्टी असली की ब्लॉकची शिवण पाव इंचाचीच राहते आणि अर्ध्या इंचाची शिवण त्या साध्या पट्टीतून जाते.

हे चार ब्लॉक अर्थातच १२.५ इंची पाचांतले निवडा. उरला एक पूर्ण मापाचा, एक १२.२५ इंची आणि एक १२ इंची. हे तीनही त्याच ओळीत घुसवण्याचा मोह होईल, पण लहान ब्लॉक ओढून मोठ्याच्या मापाला बसवला तर तो तिथे फुगतो, आणि मोठे कापून लहानाच्या मापाला आणले तर पुन्हा टोके जातात. पहिल्या दोहोंचा लोड करावा. दोघांनाही चारही बाजूंनी दीड इंच रुंदीच्या पट्ट्यांची चौकट शिवा आणि मग दोन्ही १४ इंचांवर समान कापा. पाव इंचाचा फरक चौकटीत जिरतो आणि डोळ्यांना जाणवतही नाही. ९ इंच व्यासाच्या लोडाचा घेर सुमारे २८.२५ इंच असतो. दोन ब्लॉकांचे शिवून २७ इंच होतात आणि राहिलेला सव्वा इंच एका साध्या पट्टीने भरतो. हा पट्टा लोडाच्या मधोमध घ्यावा, दोन्ही बाजूंना साधे कापड लावावे आणि टोकांना नेफा करून नाडी ओवावी. लोडाला चेन लावायच्या भानगडीत पडू नका. नाडीच्या चुण्या दिसतातही छान आणि खोळ काढायलाही सोपी जाते.

सातव्या, १२ इंची ब्लॉकचा बळी द्या. हे ऐकायला बरे वाटणार नाही, पण त्याच्याइतका उपयोगी ब्लॉक दुसरा नाही. अस्तर, मधला थर आणि ब्लॉक यांचे तेच त्रिकूट करून त्याच्यावर आधी टिपा मारून पाहा. दोऱ्याचा ताण, टिपेची लांबी, दोन टिपांमधले अंतर, सगळे तिथे ठरेल. मग तो मोजा, साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. आकसण्याचा आणि रंग जाण्याचा अंदाज एवढ्या खात्रीने दुसऱ्या कशाने येत नाही. शिवाय तो वाया जात नाही, चहाच्या किटलीखाली ठेवायला होतो.

शिवायला बसण्यापूर्वी प्रत्येक ब्लॉक उलटा करून उजेडात धरा. गोधडी करताना जे चालून गेले असेल ते इथे चालणार नाही. कुठे शिवण पाव इंचाऐवजी सूतभरच धरली गेली असेल, तर तेवढी जागा पुन्हा शिवून घ्या. ब्लॉकमध्ये खणाचे तुकडे असतील, आणि हल्ली ते हमखास असतात, तर त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. खणाच्या कडा फार लवकर सुटतात. अशा तुकड्यांच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ फ्यूजिंग लावावे आणि ते शिवणीच्या मायेपर्यंत जाऊ द्यावे. लावताना इस्त्री घासू नका, उचलून-उचलून दाबा. घासलेल्या इस्त्रीने चांदणीचे तिरके काप ताणले जातात, आणि एकदा ताणलेला तिरका काप पुन्हा जागेवर येत नाही.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरे सुती फडके ओले करून गडद तुकड्यांवर, विशेषतः लाल, निळ्या आणि काळ्या ठशाच्या कापडांवर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर ब्लॉक गार पाण्यात बुडवून, पाणी बदलत-बदलत, ते स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असे आपल्याकडे सर्रास सांगतात, पण रंगवून तयार झालेल्या कापडाचा रंग मिठाने बसत नाही. जादा रंग धुऊन काढणे एवढेच आपल्या हातात असते.

साध्या भागासाठी ड्रिल, जाड कॅसमेंट किंवा मॅटी यांपैकी कोणतेही घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. ५८ इंच पन्ह्याचे २ मीटर पुरते. त्यात वरच्या पटाच्या चार पट्ट्या, खालचा तळ, बाजूची पट्टी आणि चेनच्या पट्ट्या असे सगळे उभ्या धाग्यात बसते, आणि कापड उभ्या धाग्यात सर्वांत कमी ताणते. पायपिंगसाठी, म्हणजे कडेच्या शिवणीत धरायच्या, आत दोरी असलेल्या गोटासाठी, वेगळ्या रंगाचे अर्धा मीटर कापड घ्या. चांदणीतला सर्वांत गडद रंग पायपिंगला घेतला तर गादीला रेखीव कड मिळते; फिकट पायपिंग लवकर मळते आणि मळ नेमका कडेवरच उठून दिसतो. तळाला घरातली विरलेली पण न फाटलेली सोलापुरी चादर वापरली तरी उत्तम, तिची वीण भक्कम असते आणि खालून कोण पाहणार आहे. सगळी कापडे कापण्याआधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. पायपिंगच्या आतली सुती दोरी मात्र बहुतेक जण विसरतात. ती गरम पाण्यात भिजवून वाळवली नाही, तर पहिल्या धुण्यात दोरी आकसते, कापड आकसत नाही, आणि गादीच्या चारही कडांना सुरकुत्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत.

पट करताना पट्ट्या मुद्दाम मोठ्या कापाव्यात. चार ब्लॉकांची ओळ ४८.५ × १२.५ इंच होईल. तिच्या दोन लांब बाजूंना ४८.५ × ६.५ इंचांच्या पट्ट्या, आणि त्या शिवून झाल्यावर दोन टोकांना २४.५ × ३.५ इंचांच्या पट्ट्या, पाव इंचाच्या शिवणीने लावा. ५४.५ × २४.५ इंचांचा तुकडा तयार होतो. आपल्याला शेवटी ५२.५ × २२.५ इंचच हवा आहे, पण टिपा मारल्यावर पट आकसतो आणि थोडा वाकडाही होतो. हे २ इंच त्यासाठी आहेत. ब्लॉकच्या शिवणी मागच्या बाजूला शक्यतो एका अंगाला झुकवून दाबा. उघडून दाबलेली शिवण सपाट दिसते, पण बसण्याच्या जागी सगळा ताण उघड्या टिपेवर येतो.

मधल्या थराबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. खाली ३ इंच फोम आहे, तेव्हा मऊपणासाठी आणखी कापूस घालण्याचे कारण नाही. मधला थर वरचे आणि खालचे कापड एकमेकांना धरून ठेवण्यासाठी असतो. पातळ सुती वॅडिंग, फ्लॅनेल, किंवा आपल्या आज्यांनी वापरले तेच, जुने मऊ सुती लुगडे, यांपैकी काहीही चालेल. जुने लुगडे मधल्या थराला उत्तम, पण अस्तराला कधीही लावू नये, कारण त्याच्यातला जोर संपलेला असतो आणि इथे सगळा ताण अस्तरावर टाकायचा आहे. अस्तराला धुतलेला मांजरपाट घ्या, चारही बाजूंनी वरच्या तुकड्यापेक्षा दीड-दीड इंच मोठा.

मांजरपाट जमिनीवर ताठ पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला धरा. त्यावर मधला थर, त्यावर ब्लॉकांचा तुकडा, आणि मग मधोमधून कडेकडे जाणारे मोठे कच्चे टाके, एकमेकांपासून वीतभर अंतरावर घाला. टाचण्यांवर भागवता येते, पण मशीनखाली पट सरकवताना त्या काढत बसावे लागते आणि एखादी हमखास राहून जाते. बसण्याच्या गादीत राहिलेली टाचणी कोणाला सापडेल ते सांगायला नको.

टिपा हाताने माराव्यात की मशीनने, हा मतभेदाचा विषय आहे आणि मला दोन्हींची ओढ आहे. आपली वाकळ किंवा गोधडी कडेपासून सुरू होते आणि धावदोऱ्याच्या ओळी चौकटीमागून चौकट करीत मध्यापर्यंत येतात. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका ज्या कवंडी नावाच्या गोधड्या करतात, त्यांतही काम एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने आत सरकते, आणि कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची लहान फुले लावतात. हाताने शिवताना ही रीत साधते, कारण जादा कापड बोटांनी पुढे लोटत नेता येते. मशीनवर मात्र कडेकडून मध्याकडे गेलात तर सगळा झोळ मधोमध गोळा होतो आणि शेवटी तिथे चुणी पडते. मशीनवर नेहमी मधून बाहेर जावे. झोपाळ्याच्या गादीला मी मशीनची टीप सुचवते. धावदोऱ्याचा टाका पांघरुणात शोभतो, पण बसण्याच्या जागी तो अंगठीत, जोडव्यात, लहान मुलांच्या बोटांत अडकतो आणि एक टाका ओढला गेला की ओळच्या ओळ आवळली जाते. हाताचे काम हवेच असेल तर ते लोडावर करा, तिथे त्याला कोणी घासत नाही.

मशीनला १४ नंबरची सुई, सुती दोरा आणि अडीच ते तीन मिलिमीटरची टीप ठेवा. साधे, फक्त सरळ शिवणारे जुने काळे मशीन असले तरी अडत नाही. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब मात्र थोडा कमी करा, नाहीतर तो वरचे कापड पुढे ढकलत नेतो. आधी ब्लॉकांच्या तीन उभ्या जोडांच्या खाचांतून टीप घ्या, मग लांबीतले दोन जोड, आणि त्यानंतर साध्या पट्ट्यांसह सगळ्या पटावर लांबीच्या दिशेने दीड-दीड इंचावर सरळ रेघा मारा. दोन रेघांत २ इंचांपेक्षा जास्त अंतर राहू देऊ नका. एक रेघ डावीकडून उजवीकडे मारलीत तर दुसरी उजवीकडून डावीकडे मारा, म्हणजे पट एका बाजूला तिरपा होत नाही.

टिपा झाल्यावर पट चटकन कापू नका. पेन्सिलने ५२.५ × २२.५ इंचांचा आयत आखा. चांदण्यांची ओळ बरोबर मधोमध आहे ना ते दोन्ही कडांपासून मोजून पाहा आणि आयताचे दोन कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. मग आखलेल्या रेघेच्या पाव इंच आतून चारही बाजूंनी एक टीप मारा आणि त्यानंतरच रेघेवर कात्री चालवा. आधी कापले तर तीनही थर आपापल्या वाटेने सुटतात, आणि पुढे पायपिंग लावताना मधला थर शोधत बसावे लागते.

बाजूची पट्टी ४ इंच रुंद कापा, शिवून ती ३ इंचांची राहील. खोळीचा घेर १४६ इंच आहे. मागच्या बाजूला चेन येईल आणि ती दोन्ही कोपऱ्यांच्या पुढे तीन-साडेतीन इंच वळली पाहिजे, नाहीतर ५२ इंचांचा फोम आत घालताना कोपऱ्यात शिवण उसवते. म्हणून चेनचा भाग ५९ इंच आणि उरलेला भाग ८९ इंच लांब कापा, दोन्ही टोकांच्या शिवणी जाऊन १४६ इंच होतात. ८९ इंचांच्या भागाला जोड द्यावा लागेल, तो पुढच्या दर्शनी बाजूला येणार नाही एवढे पाहा. चेन मीटरवर मिळणारी, ५ नंबरची घ्या आणि रनर वेगळा ओवून घ्या. चेनच्या दोन पट्ट्या प्रत्येकी २.५ इंच रुंद कापून त्यांची एक कड अर्धा इंच दुमडा आणि दोन्ही दुमडलेल्या कडा चेनच्या दातांवर एकमेकींना टेकतील अशा बसवा. चेन झाकली जाते आणि पाठीमागून हात फिरवला तरी टोचत नाही.

पायपिंगच्या पट्ट्या तिरक्या धाग्यात, पावणेदोन इंच रुंद कापा. वरच्या आणि खालच्या कडेला मिळून सुमारे पावणेआठ मीटर पायपिंग लागेल. ते पटाला लावताना चेन बसवायचा एका बाजूचा पाय वापरा आणि सुरुवात मागच्या बाजूच्या मध्यावर करा, कोपऱ्यावर कधीही नको. कोपऱ्यात पायपिंगच्या मायेला तीन लहान काप द्या म्हणजे ते वळते. कोपरे अगदी टोकदार ठेवू नका. एक रुपयाचे नाणे ठेवून हलकी गोलाई आखली की गादी भरल्यावर कोपऱ्यांना कान फुटत नाहीत.

यापुढे १६ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा आणि तीन मिलिमीटरची टीप. बाजूच्या पट्टीचे आधीच कडे करून ठेवण्यापेक्षा ती पटाला लावत यावे आणि शेवटचा जोड प्रत्यक्ष किती कापड उरते ते पाहून घालावा, कारण गोलाईमुळे घेर इंच-अर्धा इंच इकडेतिकडे होतोच. पट्टी वरच्या पटाला लागली की चारही कोपऱ्यांपासून सरळ खाली, पट्टीच्या दुसऱ्या कडेवर खडूने खुणा करा आणि तळाच्या कापडाचे कोपरे नेमके त्या खुणांवर टाचा. हे एवढे टाळले तर तळ बोटभर सरकून शिवला जातो आणि संपूर्ण गादी पिळल्यासारखी दिसते. अनुभवी शिंप्याकडूनही ही चूक होते, आणि मग उसवण्याखेरीज इलाज नसतो. तळ शिवण्यापूर्वी चेन वीतभर उघडी ठेवा. बंद चेनची खोळ आतून-बाहेरून पूर्ण शिवून मग सुलटी कशी करायची, या विवंचनेत मी एकदा अर्धी दुपार घालवली आहे.

तळाच्या शिवणीतच चारही कोपऱ्यांवर बंदांच्या जोड्या धरा. बंद इंचभर रुंद आणि १४ इंच लांब असावेत, आणि त्यांच्या मुळाशी टीप दोन-तीनदा पुढे-मागे घ्यावी. झोका घेताना गादी घसरते ती या बंदांनी थांबते. बंद कडीच्या अगदी खालच्या भागाला बांधा. कड्यांच्या जोडांना तेल देतात, ते काळे होऊन खाली ओघळते, आणि त्याचा डाग सुती कापडावरून सहजी जात नाही. पॉलिश केलेली फळी फारच गुळगुळीत असेल तर खाली रबराची जाळीदार चटई टाका.

फोम ४० डेन्सिटीचा आहे ना ते पाहून घ्या. त्याहून हलका फोम लाकडी फळीवर लवकर बसतो, आणि बसलेल्या फोमवर कितीही नेटकी खोळ घातली तरी ती ढिलीच दिसते. फोमला मांजरपाटाची एक साधी आतली खोळ शिवा. उघडा फोम कापडाला चिकटतो आणि आत सरकत नाही. घालताना फोम लांबीत दुमडून अर्धा आत ढकला, आधी दूरचे दोन कोपरे बसवा, मग चेनजवळचे. शिवणीची माया सगळीकडे खाली वळली आहे ना, ते हात घालून चाचपून पाहा.

धुताना फोम काढून, चेन लावून, खोळ उलटी करून गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पहिल्या धुण्यानंतर खोळ किंचित दमट असतानाच फोमवर चढवा आणि पंख्याखाली तशीच वाळू द्या, म्हणजे ती फोमच्या आकारावर बसते. दर दीड-दोन महिन्यांनी गादी टोकाकडून फिरवून मागची कड पुढे आणा. रचना दोन्ही अंगांनी सारखी असल्यामुळे आणि चेन दुमडीखाली झाकलेली असल्यामुळे पुढून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.